शनिवारी बसलो की रविवारी पहाटे पोट धरायचो, फॉल्ट कुठे निघाला ते सांगतो

अडीच वर्षं माझं एकच रडगाणं चालू होतं. शनिवारी रात्री मित्रांबरोबर बसायचं, दोन-तीन पेग, कधी बियर, आणि रविवारी पहाटे चार-साडेचारला पोटात असं सुरू व्हायचं की झोप गेलीच म्हणून समजा. जागा ठरलेली. छातीचं हाड संपतं त्याच्या खालचा खळगा, तिथे आतून कोणीतरी कानशीने घासतंय. दोन तास, कधी चार तास. सकाळी पोहे खाल्ले की जरा बरं वाटायचं आणि अकरापर्यंत परत तेच. सोमवारी साफ, मंगळवारी विसरलो, शनिवारी परत गच्चीवर.

गच्ची म्हणजे, आमच्या एमपीत, म्हणजे मध्य प्रदेशात, १ एप्रिल २०२३ पासून दारूच्या दुकानांना लागून असलेले अहाते, म्हणजे बसून प्यायच्या जागा, सरकारने बंद केले ना, तेव्हापासून आमची मंडळी इंदूरच्या लोकमान्य नगरात एका मित्राच्या गच्चीवर बसते. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की ग्लास तुमचे तुम्ही धुवायचे आणि आवाज खाली आला नाही पाहिजे. तेवढं आम्ही पाळतो.

माझं सियागंजच्या मागे मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटरींचे फॉल्ट शोधतो आणि स्वतःच्या पोटाच्या बाबतीत मात्र अडाणी गिऱ्हाईक करतं तेच केलं, फॉल्ट न शोधता पार्ट बदलत बसलो. गच्चीवर प्रत्येक जण डॉक्टर. एक म्हणाला ब्रँड बदल, बदलला. दुसरा म्हणाला सोडा बंद कर, पाणी घाल, घातलं, गॅस कमी झाला पण घासणं तसंच. तिसरा म्हणाला, भिया व्हिस्की गरम होती है, बियर पे आ जा, बियर ठंडी होती है. बियरवर आलो तर दुखणं दुप्पट! थंड दूध झालं, ओवा-काळं मीठ झालं, इनो झालं, शेवटी मेडिकलवाला म्हणाला बसायच्या आधी ऍसिड कमी करायची एक पॅन्टोप्राझोल टाकत जा, तर ती वर्षभर टाकली आणि खरं सांगतो सगळ्यात मोठा घोळ तोच होता, कारण त्याने दुखणं थोडं दबलं आणि मी निर्धास्त झालो. एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडते म्हणून सोळाच्या जागी बत्तीस अँपियरची बसवून घेणारे लोक असतात ना, आणि मग आठ दिवसांनी वाइंडिंग जळून दुकानात येते, अगदी तसं.

बायकोने एकदा झापलं. मोटर आली की तुम्ही आधी विचारता ना, व्होल्टेज किती येतं, कधीपासून आवाज करतेय, गरम होऊन बंद पडते की चालूच होत नाही, मग स्वतःला कधी विचारणार? ते लागलं मला. त्याच रात्री बिलबुकाच्या मागच्या पानांवर लिहायला लागलो. तुम्हालाही असं वारंवार होत असेल तर आधी हे करा, ब्रँड वगैरे नंतर बघू. काय प्यायलो, किती मिली, किती वाजता. त्याआधी शेवटचं कधी आणि काय खाल्लं होतं. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी कुठल्या गोळ्या घेतल्या, अगदी डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा. सिगरेट किती. झोपलो कधी. दुखणं किती वाजता सुरू झालं, एका बोटाने जागा दाखवता येते की सगळीकडे पसरलंय, पाठीत जातं का, खाल्ल्याने कमी होतं की वाढतं, पुढे वाकल्याने काही फरक पडतो का. उलटी झाली का, संडासचा रंग काय. ऐकायला किळसवाणं वाटतं पण डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतो आणि तेव्हा आपल्याला काहीच आठवत नाही.

किती मिली हे मुद्दाम म्हणतो, कारण त्यातच सगळे फसतात. आपल्याकडची व्हिस्की-रम बहुतेक ४२.८ टक्के असते, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. आता ६५० मिलीची स्ट्राँग बियर घ्या, ८ टक्केवाली, हिशोब करा, ४१ ग्रॅमच्या आसपास येतं. म्हणजे 'मी तर फक्त दोन बियर घेतो यार' म्हणणारा माणूस आठ छोटे पेग मारून उठतो. मी तोच माणूस होतो! आणि गच्चीवर हाताने ओतलेला पेग ३० चा नसतोच, मी एकदा इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून बघितला, ५० च्या वर निघाला. मित्र हसले पण मग सगळ्यांनी आपापला मोजला.

सहा शनिवार लिहिल्यावर पान आपोआप बोलायला लागलं. बियरच्या रात्री जास्त त्रास, हे खरंच तसं असतं. बियर आणि वाइन जठरातलं ऍसिड चांगलंच वाढवतात, व्हिस्की-रम त्या मानाने ऍसिड वाढवत नाहीत पण त्या इतक्या तीव्र असतात की अस्तर सरळ सोलवटतात, म्हणजे दोघींचा मार्ग वेगळा, सासर एकच. शिवाय दारूने अन्ननलिकेच्या खालचा वॉल्व्ह ढिला पडतो. दुसरं, दुकान आठला बंद करून मी दुपारच्या जेवणावरच सरळ गच्चीवर जायचो, पोट रिकामं, चखण्याला लौंगी सेव आणि मिरचीचे भजे. मग साडेअकराला कोणाला तरी सराफ्याची, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराची आठवण यायची, तिथे गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, वरून जीरावन मसाला, आणि एक वाजता येऊन आडवा. भरलं पोट, तळलेलं, ढिला वॉल्व्ह आणि आडवा माणूस, ऍसिड वर येणार नाही तर काय होणार. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास पाहिजेत. सराफ्याला मी दोष देत नाही, सराफा आहे म्हणून इंदूर आहे.

पण पानावर एक गोष्ट अशी दिसली जी गच्चीवर कोणीच विचारली नव्हती. गोळ्यांचा रकाना. शनिवारी आमच्याकडे गावाकडच्या मोटरी उचलायचा दिवस असतो, पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक पंप दोघांनी उचलून टेबलावर ठेवायचा, संध्याकाळपर्यंत कंबर जाते, आणि मी शुक्रवार-शनिवार मिळून आयब्युप्रोफेनच्या तीन-चार दुखण्याच्या गोळ्या खायचो, तीही चहावर. वर्षानुवर्षं. ती मी औषधात धरतच नव्हतो, ती माझ्यासाठी विडी-काडीसारखी होती. तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ऍस्पिरिन ही सगळी एकाच घराण्यातली, ती जठराच्या अस्तराचं संरक्षण करणारी द्रव्यंच कमी करतात, आणि त्याच रात्री वरून दारू. दोन्ही एकत्र आले की अल्सर (अस्तराला खोल जखम) आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्या दोन शनिवारी सुट्टी होती, मोटर उचलली नाही आणि गोळी घेतली नाही, त्या दोन्ही रविवारी दुखणं नावापुरतं, पेग मात्र तेवढेच. हे बघून मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

तरी नावापुरतं का होईना होतंच होतं, म्हणून बिलबुक घेऊन डॉक्टरकडे गेलो. बिलबुक बघून ते हसले पण वाचलं सगळं. वजन कमी झालंय का, घास अडकतो का, संडास डांबरासारखी काळी होते का, घरात कोणाला जठराचा कॅन्सर होता का, हे विचारलं. दुखणं खाल्ल्यावर थांबतं आणि पहाटे परत येतं हे ऐकून म्हणाले, एक जंतू तपासू, एच पायलोरी. आपल्याकडे हा खूप जणांच्या पोटात असतो, बऱ्याच जणांना त्रास देत नाही, पण ज्यांना देतो त्यांना गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराच्या अस्तराला सूज, आणि अल्सर. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने हे पटवायला १९८४ साली त्या जंतूचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं आणि आजारी पडून दाखवलं, पुढे २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं. आमच्या गच्चीवर हा किस्सा मी सांगितला तर एक जण म्हणे चखण्याला काय होतं?

टेस्टची गंमत ऐका, इथे पुष्कळ लोक चुकतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल चालू असताना ही टेस्ट केली तर जंतू असूनही नाही असं येऊ शकतं. दोन आठवडे ती गोळी बंद ठेवावी लागते, आणि अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार आठवडे थांबावं लागतं. अर्थात गोळी दुसऱ्या कारणासाठी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, विचारून करा. माझी स्टूल टेस्ट पॉझिटिव्ह आली, फुंकर मारायची ब्रेथ टेस्टपण असते, आणि माझं वय आणि गोळ्यांचा इतिहास बघून एंडोस्कोपीपण झाली. नळी घशातून जाताना ओकारी येते, खोटं बोलत नाही, पण काम पाच-दहा मिनिटांचं. अस्तर लाल, दोन-तीन ठिकाणी सोललेलं, अल्सर नाही. मग १४ दिवसांचा कोर्स, अँटिबायोटिकं आणि पॅन्टोप्राझोल एकत्र, एकही डोस न चुकवता. आणि त्या काळात दारू शून्य. यातल्या काही कोर्समध्ये मेट्रोनिडाझोल असतं, जी आपण जुलाबाला सर्रास घेतो ती, तिच्यावर दारू घेतली तर चेहरा लाल, धडधड, भयंकर उलट्या असं होऊ शकतं, गोळी संपल्यावरही तीन दिवस थांबायला सांगतात. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी परत टेस्ट करायची, बरं वाटतंय म्हणून ती टाळू नका.

ती बसायच्या आधीची गोळी का चुकीची तेही डॉक्टरांनी समजावलं. पॅन्टोप्राझोल जेवणाच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते, पूर्ण असर यायला काही दिवस लागतात, आणि ती फक्त ऍसिड कमी करते, दारू अस्तराला सरळ जी इजा करते ती तिने थांबत नाही, स्वादुपिंड आणि लिव्हरला तर तिचा काहीच उपयोग नाही. आणि थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मग दुधामुळेच ऍसिड आणखी सुटतं.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. ज्याची गच्ची आहे तो मित्र, त्यालाही 'ऍसिडिटी' होती. एकच गच्ची, एकच बाटली, एकच चखणा, म्हणून आम्ही दोघांचं दुखणं एकच धरलं. नव्हतं. त्याला पहाटे नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू व्हायचं, वरच्या पोटात आडवा पट्टा आणि तिथून आरपार पाठीत. पाठीवर झोपलं की वाढायचं, उशी पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलं की जरा कमी. उलट्या व्हायच्या पण उलटीनंतरही सुटका नाही. दोनदा आपोआप थांबलं. आम्ही त्याला माझ्याच गोळ्या देत होतो, शहाणे! तिसऱ्या वेळी वहिनींनी माझ्या बायकोला फोन केला, हे घामाने भिजलेत आणि सरळ होत नाहीयेत. आम्ही पोचलो तर माणूस स्कूटरच्या हँडलवर ओणवा झाल्यासारखा पलंगावर बसलेला. उचलला आणि नेला.

स्वादुपिंडाला सूज, पॅन्क्रियाटायटिस. रक्तात लायपेज नावाचं एन्झाइम बघतात, नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा जास्त आणि सोबत असं दुखणं असेल तर निदान जवळजवळ पक्कं. सोनोग्राफी केली कारण पित्ताशयातले खडे आणि दारू ही याची दोन सगळ्यात मोठी कारणं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही तपासली, ते हजाराच्या वर गेलं तर तेही कारण होतं. त्याचे खडे नव्हते. सुरुवातीला तोंडाने काही नाही, सलाइन आणि दुखण्याचं इंजेक्शन, सहा दिवस ऍडमिट. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की माझ्यासारखं कमी करणं वगैरे त्याच्यासाठी नाही, यापुढे एक थेंब नाही, आणि सिगरेटही बंद, कारण सिगरेटने ते स्वादुपिंड आणखी लवकर खराब होतं. वारंवार झालं तर कायमचं बिघडतं, जेवण पचत नाही, शुगर होते. त्याच्या आधीच्या दोन वेळा आम्ही गॅस म्हणून हसण्यावारी नेल्या ते आजही टोचतं.

म्हणून दुखण्याची जागा आणि वेळ बघा. उजव्या बरगडीखाली, तळलेलं खाल्ल्यावर तासा-दोन तासाने कळ, खांद्यापर्यंत जाते, तर पित्ताचे खडे बघायला पाहिजेत, त्या सोनोग्राफीला सहा-आठ तास उपाशी जावं लागतं. बेंबीच्या खाली मुरडा आणि सकाळी पातळ संडास, ते बहुतेक आतडं चाळवल्याचं, विशेषतः बियरने. लिव्हर सूज येऊन ताणलं गेल्याशिवाय फारसं दुखत नाही, त्यामुळे दुखत नाही म्हणजे लिव्हर ठणठणीत असं समजू नका, माझी ग्रेड वन फॅटी लिव्हर (लिव्हरवर थोडी चरबी) अशाच सोनोग्राफीत सापडली, तिचं एक दिवस दुखलं नव्हतं. आणि छातीत दडपण, घाम, जबडा किंवा डाव्या हातात कळ असेल तर इनो पिऊन बघू वगैरे करू नका, हृदयाचा झटकाही पोटाच्या खळग्यात दुखून ऍसिडिटीचं सोंग घेतो, आधी ईसीजी.

रात्रीच दवाखान्यात जायचं केव्हा? उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, डांबरी काळी आणि घाण वासाची संडास (लोहाच्या गोळीनेही काळी होते, ते आधी आठवून बघा), पोट लाकडासारखं कडक, दुखणं पाठीत आणि उलट्या थांबत नाहीत, ताप, डोळे पिवळे, चक्कर येऊन पडणं. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका, अजून उतरलेली नसते. आणि दारू कुठली हे माहीत नसेल, सुटी आणलेली असेल, आणि पोटदुखी-उलटीसोबत डोळ्यांसमोर धुकं दिसायला लागलं तर एक मिनिट थांबू नका, ते मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल असू शकतं आणि त्याची लक्षणं कधी कधी बारा-चोवीस तासांनी येतात. आपल्याच एमपीत २०२० साली उज्जैनला आणि २०२१ च्या जानेवारीत मुरैन्यात विषारी दारूने माणसं मेली आहेत.

हँगओव्हरचं डोकं दुखतं म्हणून सकाळी आयब्युप्रोफेन घेऊ नका, कारण वर सांगितलं. पॅरासिटामॉल जठराला सौम्य पण लिव्हरला नाही, रोज पिणाऱ्याने तीही डॉक्टरला विचारल्याशिवाय आणि जास्त घेऊ नये. पाणी, ओआरएस, मऊ भात, एवढं पुरतं. आणि जो रोज पितो त्याने हे वाचून उद्यापासून एकदम बंद असं घरच्या घरी करू नये, हात थरथरणं, भास, फिट येणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतं, ते डॉक्टरच्या देखरेखीत करायचं असतं. १४४४६ ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

माझं आता असं आहे. कोर्सनंतरची टेस्ट निगेटिव्ह आली. तीन महिने काहीच घेतलं नाही, मग एका लग्नात जेवणासोबत मोजून दोन छोटे घेतले, पहाटे काही नाही. याचा अर्थ दोन चालतात असा नाही, डब्ल्यूएचओने २०२३ मध्ये सरळच सांगितलंय की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, मी फक्त माझ्या पानावर काय लिहिलं ते सांगतोय. गच्ची अजून चालू आहे. मित्र लिंबूपाणी पितो, गराडूच्या सीझनला तळलेल्याच्या जागी उकडलेलं खातो आणि आम्हाला शिव्या देतो, आणि आम्हीही त्याच्यासमोर बाटली उघडत नाही, म्हणजे आता गच्चीवर बहुतेक पत्तेच चालतात. वहिनी खूश.

आणि कंबर? दुकानात छताला गर्डर टाकून चेन पुली बसवली, आता मोनोब्लॉक पोऱ्या एकटा उचलतो. आयब्युप्रोफेनची पट्टी गल्ल्यातून गेली. डॉक्टर, एंडोस्कोपी, टेस्टा, औषधं, सगळं धरून पोटदुखीवर माझा सगळ्यात मोठा खर्च त्या चेन पुलीचाच झाला.